डॉक्टरकीच्या परीक्षेचे वेळापत्रक घरानेच आखावे

दहावीचा निकाल लागला म्हणजे आईबापांचा एकच प्रश्न कानी येऊ लागतो. ‘मुलाला डॉक्टर करायचे आहे, कुठल्या क्लासला घालू?’ बेळगावचा क्लास बरा की हुबळीचा, का थेट राजस्थानात कोट्याला पाठवावे, फी किती, हप्ते पाडून मिळतील का, अशी चौकशी सुरू होते. चौकशी करावी, पण तिचा नंबर पहिला नव्हे. आमच्या मते पहिला प्रश्न असा, की येत्या दोन वर्षांत ह्या मुलाच्या हाती रोज किती तास पडणार आहेत, आणि ते तास घरातले कोण मोकळे करून देणार आहे? अभ्यासाचे वेळापत्रक मुलाने भिंतीवर चिकटवायचे असते अशी आपली समजूत झाली आहे. शेतकऱ्याच्या घरात तसे चालत नाही. तेथे मुलाचा तास हा घराचा तास असतो. तो धारेला, वैरणीला, पाण्याला आणि लावणीला आधीच वाटून दिलेला असतो.

प्रथम ही परीक्षा कशी असते ते पाहू. नीट ही वैद्यकीय प्रवेशाची अखिल भारतीय परीक्षा २०१३ साली प्रथम झाली, मध्यंतरी न्यायालयात अडकली आणि २०१६ पासून कायम झाली. २०२५ सालच्या परीक्षेत १८० प्रश्न होते आणि वेळ १८० मिनिटांचा, म्हणजे प्रश्नास एक मिनिट. पदार्थविज्ञानाचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न. बरोबर उत्तरास ४ गुण, चुकीच्या उत्तरास १ गुण वजा, एकूण गुण ७२०. (२०२१ ते २०२४ ह्या वर्षांच्या पत्रिकांत २०० प्रश्न छापलेले दिसतील. तेव्हा त्यांतून १८० निवडायचे असत. ती सवलत पुढे राहिली नाही.) त्या वर्षी २२ लाखांवर मुले परीक्षेस बसली आणि १२ लाखांवर पात्र ठरली. एम.बी.बी.एस.च्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे पात्र ठरलेल्या दहांपैकी एकासच जागा. ‘आमचा मुलगा नीट पास झाला’ एवढ्यावरून गावात पेढे वाटणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा. सरकारी जागेची वर्षाची फी हजारांत असते आणि खासगी कॉलेजातील व्यवस्थापन कोट्याची लाखांत. आपल्यासारख्यांची धाव सरकारी जागेपर्यंतच असावी हे आम्ही स्पष्टच सांगतो.

येथे आणखी एक गैरसमज दूर करू. मिशनच्या कॉलेजात फादरांच्या चिठ्ठीने प्रवेश होतो असे अजून काही घरांत बोलले जाते. बंगळूरचे सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली आपल्या धर्मगुरूंच्या पुढाकाराने उभे राहिले हे खरे, पण तेथेही नीटचे गुण लागतात. अल्पसंख्याकांच्या संस्थांनाही ही परीक्षा लागू आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये दिला. तेव्हा फादरांच्या दारी खेटे घालण्यात वेळ दवडू नये.

आता तासांचा हिशेब मांडू. खानापूर भागातील एखाद्या खेड्यातली मुलगी बेळगावच्या पी.यू. कॉलेजात जाते असे धरा. सकाळची बस, संध्याकाळची बस आणि बसची वाट पाहणे, यांत दिवस जातो. पहाटे दीड तास आणि रात्री दोन तास मिळाले तर तिचे नशीब. साडेतीन तासांप्रमाणे सहा दिवसांचे २१, रविवारचे ५, एकूण आठवड्याला २६ तास. पी.यू.चे पहिले वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि परीक्षा बहुधा दुसऱ्या वर्षाअखेरच्या मे महिन्याच्या पहिल्या रविवारी येते. (२०२० ते २०२२ ही तीन वर्षे अपवाद होती.) मधले आठवडे सुमारे शंभर. लावणी, सुगी, गावची जत्रा, चर्चचा सण, एखादे आजारपण यांकरिता त्यांतले दहा सोडून द्या. राहिलेल्या नव्वद आठवड्यांचे तास होतात २३४०. त्यांतला चौथा हिस्सा दोन भाषा, प्रयोगवह्या आणि पी.यू.ची वार्षिक परीक्षा यांस गेला. हाती राहिले १७५५.

एन.सी.ई.आर.टी.च्या दोन्ही वर्षांच्या पुस्तकांत जीवशास्त्राची ३२, पदार्थविज्ञानाची २८ आणि रसायनशास्त्राची १९ प्रकरणे आहेत. मिळून ७९. म्हणजे एका प्रकरणामागे बावीस तास आले. प्रथम वाचणे, उदाहरणे सोडविणे आणि निदान तीन वेळा उजळणी, हे सारे त्या बावीस तासांत बसवायचे. बसते! कॉलेजातले शिक्षण त्याशिवाय आहेच. क्लासवाल्यांच्या कागदावर रोजचे चौदा तास लिहिलेले असतात. ते पाहून आपली मुले घाबरतात आणि पहिल्या आठवड्यातच कागद फाडून टाकतात. त्यांनी तो कागद पाहूच नये.

पण ह्याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. रविवार सोडून रोज संध्याकाळी एक तास धारेला आणि शेणघाणीला गेला, तर नव्वद आठवड्यांत ५४० तास गेले. बावीसने भागले तर चोवीस प्रकरणे. जीवशास्त्राच्या पुस्तकाचा तीन चतुर्थांश भाग गोठ्यात गेला म्हणायचा. मुलाने काम करूच नये असे आम्ही म्हणत नाही. अर्धा तास अंगमेहनत झाली तर डोके ताजेच होते. परंतु काम केव्हा करून घ्यावे हे आपण ठरवू शकतो. आपल्याकडे रोप लावणी येते जुलैत. पी.यू.च्या पहिल्या वर्षाचे अगदी पायाचे धडे त्याच सुमारास चाललेले असतात. पदार्थविज्ञानात मापने व सरळ रेषेतील गती, रसायनशास्त्रात मोल ही कल्पना. पंधरा दिवस मूल चिखलात राहिले की हा पाया कच्चा राहतो, आणि पुढे दोन वर्षे ‘मला फिजिक्स जमत नाही’ असे ते म्हणत राहते. फिजिक्स न जमायला काय झाले! जुलैचे पंधरा दिवस गेले, एवढेच. म्हणून त्या वर्षी लावणीला मुलाच्या बदल्यात एक बाई जास्त सांगावी, नाहीतर पैऱ्याची फेड बापाने स्वतः दोन दिवस जास्त जाऊन करावी. मुलाचे काम उन्हाळी सुटीत घ्यावे, दसऱ्याच्या सुटीत सुगी लागली असेल तर चार दिवस घ्यावे, रताळी काढताना एखादा रविवार घ्यावा. दुसऱ्या वर्षी मात्र जानेवारीपासून काहीच घेऊ नये. काजूची बी वेचायला सकाळी मुलगी गेली नाही म्हणून किती बी वाया जाईल तेही मोजावे आणि चोवीस प्रकरणांच्या शेजारी ठेवून पाहावे.

‘मुलगी’ हा शब्द आम्ही वर मुद्दाम लिहिला. मुलगा डॉक्टर व्हायचा असला म्हणजे घर त्याला चहा करून देते, त्याच्या खोलीत कोणी मोठ्याने बोलत नाही. मुलगी डॉक्टर व्हायची असली तरी भाकऱ्या तिनेच थापायच्या, पाणी तिनेच भरायचे, पाहुणे आले तर पुस्तक मिटायचे. नंतर तिला गुण कमी पडले की ‘तिला झेपले नाही’ असे म्हणून आपण मोकळे! ज्या घरात मुलीला ह्या परीक्षेस बसवायचे ठरेल, त्या घराने तिची कामे कागदावर लिहावी आणि प्रत्येकासमोर आता ते कोण करणार त्याचे नाव लिहावे. भावाचे नाव लिहायला हरकत नाही. ज्या वेळापत्रकात अशी नावे नाहीत त्याला आम्ही वेळापत्रक मानत नाही.

भाषेची अडचण आपल्या सीमाभागात वेगळीच आहे. मूल दहावीपर्यंत मराठीत शिकते, पी.यू.ला एकदम इंग्रजी. नीटची पत्रिका मराठीतही निघते हे ऐकून अनेकांना बरे वाटते. पण ती इंग्रजी-मराठी पत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवर मिळते. कर्नाटकातील केंद्रावर प्रादेशिक भाषा म्हणून कन्नड. मराठी पत्रिका हवी असेल तर कोल्हापूरसारखे केंद्र मागावे लागेल. शिवाय भाषांतरात काही फरक राहिला तर इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरला जातो. ज्याने दोन वर्षे इंग्रजीतून विज्ञान शिकले त्याने पत्रिका इंग्रजीच घ्यावी असे आमचे मत आहे. मात्र समजून घेताना मराठी सोडू नये. ‘फोटोसिंथेसिस’ हा शब्द घोकणाऱ्यापेक्षा प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय हे ज्याला आईच्या भाषेत सांगता येते, त्याची समजूत पक्की असते. खरी तयारी दहावीनंतरच्या उन्हाळी सुटीत करावी. नववी-दहावीची एन.सी.ई.आर.टी.ची विज्ञानाची इंग्रजी पुस्तके रोज चार पाने, शब्दांची वही जवळ घेऊन वाचावी. ही पुस्तके त्या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. ज्यांच्याकडे मोबाइल आहे त्यांना एक पैसा पडणार नाही.

थोरल्या भावाची किंवा शेजाऱ्याची जुनी पुस्तके वापरताना मात्र सावध राहावे. २०२४ च्या परीक्षेपासून अभ्यासक्रम कमी झाला. रसायनशास्त्रातील घनावस्था, बहुवारिके, तर जीवशास्त्रातील पचन व शोषण असे कितीतरी भाग गळाले. वनस्पतींचे खनिज पोषणही गेले. नत्र, स्फुरद, पालाश ज्यांच्या घरी रोज बोलले जाते त्यांचाच धडा नेमका वगळला गेला, याला काय म्हणावे? तरीही निम्मे गुण, म्हणजे ३६०, जीवशास्त्राचे आहेत, आणि तेथे शेतकऱ्याचे मूल मागे नाही. मक्याचा तुरा वर आणि कणीस खाली, म्हणजे नर व मादी फुले एकाच झाडावर. पपईचे नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. पहिल्यात दुसऱ्या फुलाचा पराग त्याच झाडावर पडू शकतो, दुसऱ्यात ते शक्यच नाही. शहरातला मुलगा हे पाठ करतो. आपल्या मुलाने हे परसात पाहिलेले असते. पुस्तक आणि परस यांची गाठ कोणी घालून दिली नाही, एवढीच उणीव.

रोजच्या अभ्यासाविषयी फार सांगत नाही, ते शिक्षक सांगतील. दोनच गोष्टी सुचवितो. एक, चुकांची वही. सोडविलेल्या प्रश्नांतला जो चुकला तो त्यात उतरावा आणि का चुकला ते एका ओळीत लिहावे. धडा आला नाही म्हणून, प्रश्न नीट वाचला नाही म्हणून, का बेरीज चुकली म्हणून. दर पंधरवड्यास ती वही चाळली की बांध कोठे फुटतो ते आपोआप दिसते. दुसरी, रविवारची दुपार. ही परीक्षा दुपारी दोन वाजता सुरू होते. २०२५ साली ती पाचपर्यंत होती. मे महिन्यातील दुपारची वेळ म्हणजे आपल्या घरात सारे पडलेले असतात. ज्याला दुपारी झोपायची सवय, त्याचे डोळे नेमके त्याच वेळी मिटणार. म्हणून दुसऱ्या वर्षी डिसेंबरपासून दर रविवारी मिस्सा व जेवण आटोपून दोन ते पाच एक जुनी पत्रिका सोडवावी, मध्ये उठू नये. त्या तीन तासांत घरात रेडिओ, टीव्ही, मोबाइल बंद.

अंदाजाने उत्तर द्यावे का, असे मुले विचारतात. चार पर्यायांतले दोन नक्की चूक आहेत हे कळले तर द्यावे. अशा दहा प्रश्नांत पाच बरोबर आले तर २० मिळतात, ५ जातात, पंधरा राहतात. काहीच कळत नसेल तर अशा चाळीस प्रश्नांत दहा गुणांची आशा, तीही दैवावर. त्यापेक्षा तो वेळ कळणाऱ्या प्रश्नांस द्यावा.

प्रकृतीकडे आपले लक्ष कमीच असते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलास आठ तास झोप हवी, आणि दिवसा वाचलेले मनात पक्के होण्याचे काम झोपेतच होते. रात्री एकपर्यंत जागून पहाटे चारला उठणाऱ्याचे कौतुक करू नये. पहाट हवी असेल तर नऊ वाजता घरातला दिवा आणि आवाज दोन्ही कमी झाले पाहिजेत. हेही पुन्हा घराचेच काम. दुसरे, रक्त. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या शंभरांतल्या एकोणसाठ मुलींत रक्त कमी आढळले. मुलगी पुस्तकावर पेंगते, डोके दुखते म्हणते, तेव्हा आळशी म्हणून बोल लावण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. शाळा-कॉलेजातून मिळणारी लोहाची गोळी जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये. डोळेही एकदा तपासावे, फळा दिसत नाही हे मूल बहुधा सांगत नाही. आणि परीक्षेला बसणाऱ्यास औषधफवारणीला पाठवू नये, एवढे तरी कराच.

आता क्लासकडे वळू. ज्या कॉलेजात पदार्थविज्ञानाला शिक्षकच नाही, तेथील मुलास क्लास लागेल हे आम्ही नाकारीत नाही. जवळच्या शहरातला साधा क्लास, आठवड्याला चाचणी घेणारा, पुष्कळदा पुरतो. पण जमीन गहाण टाकून मुलास शेकडो मैल दूर ठेवण्यास आमचा विरोध आहे. सोळा-सतरा वर्षांचे ते मूल रोज रात्री त्या जमिनीचे ओझे उशाला घेऊन झोपते. कोट्यात २०२३ ह्या एका वर्षात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. वसतिगृहांतील पंख्यांना स्प्रिंग बसविण्याचा हुकूम तेथील जिल्हा प्रशासनास काढावा लागला. मूल जेवत नाही, बोलत नाही, फोन उचलत नाही, ‘मी तुमचे पैसे फुकट घालवले’ असे म्हणते, तर त्याच दिवशी जाऊन त्याला घरी आणावे. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. तेथे रात्रंदिवस फुकट बोलता येते, आणि मुलाप्रमाणे आईबापांनीही बोलावे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने क्लासेससाठी सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलास घेऊ नये, मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असे त्यांत आहे. पैसे भरताना हे विचारून घ्यावे.

परीक्षेस किती वेळा बसावे यास सरकारने मर्यादा घातलेली नाही, वयाचीही वरची मर्यादा नाही. सरकारने कुंपण घातले नाही, तेव्हा ते घराने घालावे. आमचे मत असे: पी.यू.बरोबर एकदा, आणि पहिल्या खेपेस थोडक्यात हुकले तरच घरी राहून आणखी एकदा. हे आजच ठरवून मुलास सांगावे. निकालाच्या दिवशी ठरवू नये. त्या दिवशी कोणाचेच डोके ठिकाणावर नसते.

आणि दुसरी दारे उघडी ठेवावीत. हाच अभ्यास कर्नाटकाच्या सी.ई.टी.ला चालतो. तेथे चुकीच्या उत्तरास गुण कापत नाहीत. त्या परीक्षेतून पशुवैद्यकी आणि शेतकीला जाता येते, आणि शेतकरी कुटुंबांतील मुलांसाठी त्यांत वेगळ्या जागा असून प्रत्यक्ष शेतीज्ञानाची परीक्षा घेतली जाते. म्हैस अडली म्हणजे रात्री-बेरात्री गुरांचा डॉक्टर शोधताना आपली काय धावपळ होते ते आपणांस ठाऊक आहे. मग ‘ढोरांचा डॉक्टर’ म्हणून नाक मुरडायचे कशाला?

शेवटची गोष्ट कागदांची. आपल्यांत नावांचा घोळ फार. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेत दुसरे, आधार कार्डावर आडनावाचे स्पेलिंग तिसरेच. कोठे बापाचे नाव मध्ये, कोठे शेवटी. अर्ज भरायच्या आठवड्यात, बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये, हे उमगते आणि ऐन अभ्यासाच्या दिवसांत मूल कचेऱ्यांतून हिंडते. दहावीच्या गुणपत्रकावर जे नाव आहे त्याप्रमाणे आधार आताच दुरुस्त करून घ्यावे. पहिली ते दहावी खेड्यातील शाळेत झाली असेल तर कर्नाटकात ग्रामीण कोट्याचा लाभ मिळतो. त्याचा दाखला शाळेतून घेऊन त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही आणावी. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीत मिळतो. ही फेरी बापाने एकट्याने करावी, आणि लावणी सुरू होण्याआधी करावी.